माझ्या नावानं कुणीतरी पैसे मागतंय. सगळं बंद करू का?

पत्र:
मी ४१ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. घरीच शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकते. ऑर्डरी व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर येतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला गेलो तेव्हा घरच्यांचे फोटो टाकले होते. त्यातलाच एक लावून कुणीतरी माझ्या नावानं फेसबुकवर दुसरं खातं उघडलं आणि सासरच्या माणसांना ‘दवाखान्यात आहे, पैसे पाठवा’ असे निरोप धाडले. अक्कलकोटच्या नणंदेच्या यजमानांनी आठ हजार पाठवूनही दिले. आज चार दिवस झाले. मी पासवर्ड बदलला, तरी ते खातं चालूच आहे. घरात ह्यांचं म्हणणं, ‘सगळं बंद करून टाक.’ नववीतली मुलगी वेगळंच भांडते, ‘मला न विचारता माझे फोटो का टाकतेस?’ धंदा तर फोनवरच चालतो. काय करू? मी टाकते तसा एक फोटो सोबत पाठवते.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

ताई, आधी पैशांचं बोलू, कारण बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल, हे चालणार नाही.

नणंदेच्या यजमानांना आत्ता फोन लावा आणि त्यांना सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, १९३० या क्रमांकावर, तक्रार नोंदवायला सांगा. तक्रार त्यांनीच करायची, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेलेत. विचारले जाणारे तपशील त्यांच्याच फोनमध्ये आहेत. फोन करण्याआधी त्यांनी कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: पैसे गेल्याची तारीख आणि वेळ, रक्कम, ज्या यूपीआय आयडीवर किंवा खात्यावर पैसे गेले ते, आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक. हा क्रमांक पेमेंट ॲपच्या हिस्ट्रीत तो व्यवहार उघडला की खाली दिसतो. तक्रार झाली की तिचा नंबर जपून ठेवायचा आणि आपल्या बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवायचं. १९३० वरून निरोप थेट समोरच्या बँकेकडे जातो आणि खात्यात पैसे उरले असतील तर ते तिथं अडकवता येतात. ही माणसं पैसा एका खात्यात ठेवत नाहीत, तासाभरात दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरवतात, म्हणून पहिले काही तास सोन्याचे असतात. तुमच्या बाबतीत चार दिवस गेलेत, त्यामुळे आठ हजार परत येतीलच असं आम्ही म्हणणार नाही. तरीही तक्रार आजच व्हायला हवी. तेच खातं वापरून दुसऱ्या कुणाला फसवणं चालू असेल तर ते थांबेल, आणि तुमच्या नावावर झालेल्या या प्रकाराची नोंद राहील.

या गडबडीत दोन खड्डे टाळा. गूगलवर ‘फेसबुक कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. आपल्यासारख्यांसाठी फेसबुकचा असा फोन नंबरच नाही. जे सापडतात ते बहुतेक ठगांचेच असतात. आणि ‘माझी फसवणूक झाली’ अशी पोस्ट टाकलीत तर खाली ‘अमुक सरांनी माझे पैसे परत मिळवून दिले’ अशा कमेंट येतील. तीही तीच टोळी किंवा तिची चुलत भावंडं. आधी थोडी फी मागतात, मग आणखी.

आता त्या खोट्या खात्याचं. पासवर्ड बदलून ते बंद झालं नाही याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय, पण तुमच्या खात्यात कुणी शिरलेलंच नाही. कुलूप फोडलं नाही, तुमच्या दाराची हुबेहूब नक्कल शेजारी उभी केली. त्यासाठी तीनच गोष्टी लागतात: तुमचं नाव, तुमचा फोटो आणि तुमच्या मित्रयादीतली नावं. तिन्ही तुमच्या पानावर उघड्या होत्या. खात्री करायची असेल तर ज्यांना निरोप आला त्यांच्यापैकी एकाचा मेसेंजर बघा. पैशांची मागणी तुमच्याशी आधी झालेल्या जुन्या गप्पांच्या खाली आली असेल तर खातं खरंच कुणाच्या हातात गेलंय. नवी कोरी चॅट असेल, वर एकही जुना निरोप नसेल, तर ती नक्कल. तुमच्या वर्णनावरून ही नक्कलच दिसते.

ते खातं पाडण्याआधी पुरावा काढून ठेवा. घाईघाईनं सगळ्यांना रिपोर्ट करायला लावलं, की खातं जातं आणि त्याबरोबर पोलिसांना दाखवायचं सगळं जातं. खोट्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, पैसे मागणाऱ्या निरोपांचे स्क्रीनशॉट (वेळ दिसेल असे) आणि प्रोफाइलची लिंक, एवढं हवं. लिंक महत्त्वाची, कारण तुमच्या नावाची आणखी दहा खाती असतील. नुसत्या स्क्रीनशॉटवरून यातलं नेमकं कुठलं ते कळत नाही. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांवर दाबलं की लिंक कॉपी करायची सोय असते. ठगानं तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर ते खातं तुम्हाला दिसणारच नाही. मग हे काम नणंदेच्या फोनवरून करा.

नंतर त्याच तीन टिंबांतून रिपोर्ट: खोटं प्रोफाइल, कुणाचं तरी सोंग घेतंय, कुणाचं, तर ‘माझं’. नातेवाइकांनी करताना ‘माझ्या मैत्रिणीचं’ हा पर्याय घेऊन तुमचं खरं खातं निवडायचं. म्हणून तुमचं खरं खातं या घडीला बंद करू नका. ते नाहीसं झालं तर तुलना करायला खरं काही उरत नाही, आणि नक्कल मात्र तिथंच राहते. कंपनीनं ओळखपत्र मागितलं आणि तुम्ही आधार देणार असाल तर मास्क्ड आधार द्या. त्यात बाराऐवजी शेवटचे चारच अंक दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून ते डाउनलोड करता येतं. रिपोर्ट करूनही काही झालं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्यांच्या निर्णयावर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन दाद मागता येते.

पोलिसांकडेही जायलाच हवं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर, घरबसल्या तक्रार नोंदवता येते. किंवा शहरातल्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी द्या. पैसे अक्कलकोटहून गेले, तुम्ही सोलापुरात, म्हणून ‘आमच्या हद्दीत नाही’ असं उत्तर मिळालं तर शांतपणे सांगा, की १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. दुसऱ्याची ओळख चोरणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी, संगणकाच्या आधारानं दुसरं कुणी असल्याचं भासवून फसवणं हे ६६डी. दोन्हीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

नातेवाइकांना कळवायचं ते व्हॉट्सॲपवर छोटंसं, असं: ‘माझ्या नावानं फेसबुकवर खोटं खातं आहे. मी कुणाकडे पैसे मागितलेले नाहीत. असा निरोप आला तर मला फोन करा, माझा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.’ आता आवाजही बनवता येतो, तेव्हा घरात एक खुणेचा प्रश्नही ठरवून ठेवा. त्याचं उत्तर कधीही कुठं पोस्ट न केलेलं असावं. मुलीचं लाडाचं नाव चालणार नाही. ते तुमच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये सापडेल.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोकडे येऊ. हा फोटो आम्ही बराच वेळ बघत बसलो, कारण त्यात तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे.

परातीत कडक भाकऱ्यांची उतरंड, शेजारी चटणीची वाटी. सुंदर फोटो आहे. आता दोन बोटांनी मागचा भाग मोठा करा. फ्रिजवर लोहचुंबकाखाली महावितरणचं बिल आहे. त्यावर तुमच्या यजमानांचं पूर्ण नाव, घर नंबरासकट पत्ता आणि १२ आकडी ग्राहक क्रमांक आमच्या डोळ्यांना नीट वाचता आला. ‘बिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असे फसवे मेसेज लोकांना येत असतात. त्यात तुमचा खरा ग्राहक क्रमांक लिहून आला तर कुणीही विश्वास ठेवेल. बिलाच्या उजवीकडे खिळ्याला मुलीचं शाळेचं ओळखपत्र टांगलंय: शाळा, तुकडी, रक्तगट, वडिलांचा मोबाइल. खिडकीतून समोरच्या अपार्टमेंटच्या नावाची पाटी दिसते. भाकरी बघायला आलेल्या अनोळखी माणसाला तुम्ही घराचा पत्ता, मुलीची शाळा आणि यजमानांचा नंबर एकाच चौकटीत दिलात. यात तुमचा बेसावधपणा फारसा नाही. आपण फोटो काढताना भाकरीकडे बघतो, मागं बघत नाही; बघणारा मात्र सगळं बघतो.

यावर उपाय सोलापुरातच मिळतो. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात दोरी बांधून तिच्यावर एक सोलापुरी चादर ताणा, गडद रंगाची, शक्यतो कमी नक्षीची, आणि धंद्याचे सगळे फोटो तिच्याचपुढं काढा. फ्रिज, बिल, खिडकी सगळं झाकलं जातं आणि गिऱ्हाईक फोटो बघताच तुमचा माल ओळखायला लागतं. फोटो काढून झाल्यावर काही झाकायचंच असेल तर फोनमधल्या हायलाइटर ब्रशनं रेघोट्या मारू नका. ती शाई थोडी पारदर्शक असते. उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालची अक्षरं पुन्हा दिसतात. तो भाग कापूनच टाका, किंवा त्यावर ठोकळ्यासारखा भरीव रंग द्या. आधारची, पॅनची किंवा पासबुकाची प्रत कुणाला पाठवताना तर हे नक्की पाळा.

फोटोत न दिसणारीही एक गोष्ट असते: तो कुठं काढला त्याचं ठिकाण. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते, पण ‘चांगल्या क्वालिटीत हवा’ म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला तर तशीच जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद केला की हा विषय संपतो.

यजमानांचं म्हणणं आम्हाला समजतं. माणूस घाबरला की दार-खिडक्या लावून घेतो. पण तुमच्या घरात रोजचा पैसा या दारातून येतो, आणि ते बंद केल्यानं खोटं खातं बंद होणार नाही. आमचा सल्ला असा, की दुकान आणि घर वेगळं करा. आजवर दोन्ही एकाच ओसरीत मांडलेलं होतं.

सुरुवात नंबरापासून. तुमचा जुना नंबर कैक गिऱ्हाइकांकडे गेलाय, पाकिटांवरही छापला असेल. तो आता परत घेता येत नाही, तेव्हा तोच दुकानाचा राहू दे. त्याच्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घाला. घरासाठी नवीन सिम घ्या, त्यावर साधं व्हॉट्सॲप. एकाच फोनमध्ये दोन्ही चालतात. नवा नंबर फक्त नातेवाईक, शाळा आणि डॉक्टर यांना. बँक आणि आधारला सध्या जुना नंबर जोडलेला असणार. सवडीनं तो बदलून नवा द्या, कारण ज्या नंबरवर ओटीपी येतात तो जाहिरातीत असू नये. जुनं सिम मात्र रिचार्जअभावी मरू देऊ नका. बरेच दिवस न वापरलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि तुमची गिऱ्हाइकं त्या अनोळखी माणसाला पैसे पाठवत बसतील.

तुमच्या व्हॉट्सॲप स्टेटसचं काय होत असेल तेही सांगतो. स्टेटस फक्त ‘माय कॉन्टॅक्ट्स’ना दिसतं म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. पण ऑर्डर आली की तुम्ही गिऱ्हाइकाचा नंबर सेव्ह करत असाल, ‘विजापूर रोड मॅडम’, ‘होटगी रोड दोन किलो’ अशा नावांनी. सेव्ह केलं की तो माणूस तुमचा कॉन्टॅक्ट झाला. त्यानंही तुमचा नंबर सेव्ह केलेला असला की मुलीच्या वाढदिवसाचं स्टेटस त्याला दिसतं. दोन वेगळे व्हॉट्सॲप झाले की हे आपोआप मिटेल. घरच्या व्हॉट्सॲपवर प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो आणि अबाउट ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवा, ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तेही तिथंच ठरवा. दोन्ही खात्यांवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. त्यात सहा आकडी पिन असतो. मुलीची जन्मतारीख ठेवू नका. ईमेलही जोडा, नाहीतर पिन विसरला की तुम्हीच बाहेर. एसएमएसवर येणारा सहा आकडी कोड कुणालाही सांगायचा नाही, अगदी जवळच्या बाईनं ‘चुकून तुझ्याकडे आला’ म्हणून मागितला तरी. बहुतेकदा तिचं खातं आधीच गेलेलं असतं आणि मागणारा दुसराच असतो. लिंक्ड डिव्हाइसेस उघडून अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर तिथून लॉग आउट करा.

दुकानाच्या खात्यावर पत्त्याच्या जागी फक्त ‘जुळे सोलापूर’ लिहा. माल न्यायला येणाऱ्याला घर नंबर पैसे आल्यावर खासगीत कळवा. त्यासाठी एक तयार उत्तर सेव्ह करून ठेवता येतं. पाकिटावर उत्पादकाचा पत्ता आणि चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक असावा लागतो, तो असूच दे. पण पोस्टमध्ये पाकिटाची पुढची बाजू दाखवा. पाकीट घेणाऱ्याकडे पत्ता जाणं वेगळं आणि इंटरनेटवर कायमचा टांगलेला राहणं वेगळं. तुमचा यूपीआय आयडी मोबाइल नंबरानं सुरू होत असेल तर पेमेंट ॲपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी करून क्यूआर त्याचाच द्या. आणि पैसे ‘घेताना’ पिन कधीच लागत नाही, हे ऑर्डर घेणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असू दे.

इन्स्टाग्रामवर बिझनेस खातं प्रायव्हेट करताच येत नाही, ते उघडंच राहतं. म्हणून तिथं फक्त माल. घरच्या फोटोंसाठी वेगळं खासगी खातं काढा आणि त्याला फोनमधले कॉन्टॅक्ट अपलोड करायची परवानगी देऊ नका, नाहीतर गिऱ्हाइकांना तुमचं घरचं खातं सुचवलं जाईल.

फेसबुकवर आज रात्री एकच सेटिंग बदलायचं असेल तर मित्रयादीचं बदला: तुमची यादी कोण पाहू शकतं, तर ‘ओन्ली मी’. नक्कल करणाऱ्याला खरी गरज याच यादीची असते. ती मिळाली नाही तर नाव-फोटो चोरूनही पैसे मागायचे कुणाकडे, हा प्रश्न त्याच्यापुढं उभा राहतो. यानंतर प्रोफाइल लॉक करा. मग जुन्या पोस्ट एका फटक्यात ‘फ्रेंड्स’पुरत्या करायचा पर्याय आहे तो वापरा, आणि टॅग आधी तुमच्याकडे तपासायला येतील असं करा. जावेनं किंवा शेजारणीनं टाकलेला फोटो मात्र तुमच्या सेटिंगनं खाली येत नाही. तिला सांगूनच काढायला लावावा लागेल.

आता मुलीचं. ताई, ती बरोबर आहे. नववीतली मुलगी म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची. तिला तिच्या वर्गातल्या मुलांपुढं तोंड दाखवायचं असतं आणि आईनं टाकलेला परकरपोलक्यातला फोटो तिच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरत असेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात वयाची अट घातलेली नाही. पण कोर्ट बाजूला ठेवा. तिच्याजवळ बसा, जुने फोटो दोघी मिळून चाळा, तिला नको असलेले ती सांगेल तसे काढा. इथून पुढं विचारून टाका, आणि ‘नाही’ म्हणाली तर टाकू नका. तिनं होकार दिला तरी गणवेश, ओळखपत्र, क्लासची पाटी आणि रिक्षाचा नंबर फोटोत नको. दर मंगळवारी संध्याकाळी क्लासच्या दारातून स्टोरी पडत असेल तर ती कुठं, किती वाजता सापडेल याचं वेळापत्रकच झालं. यात्रेचे फोटोही घरी परत आल्यावर टाका. नंदीध्वजांची मिरवणूक चालू असताना टाकले तर घर रिकामं आहे हेही कळतं.

तिचं स्वतःचं इन्स्टाग्राम असेल तर जन्मवर्ष खरं आहे का ते विचारा. अठरा वर्षांखालच्यांची खाती कंपनी आपोआप खासगी ठेवते आणि अनोळखी लोकांना मेसेज करू देत नाही. पण मुलं खातं उघडताना वय वाढवून लिहितात आणि हे सगळं संरक्षण निघून जातं. रागावू नका, नाहीतर तुम्हाला न दिसणारं दुसरं खातं निघेल.

आणि हे तिला आत्ताच, काही घडलेलं नसताना सांगून ठेवा: कुणी तिचा फोटो बिघडवून धमकावलं तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, लगेच तुमच्याकडे यायचं, ओरडा बसणार नाही. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आणि मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ अशा, नग्न किंवा अश्लील फोटो पसरू नयेत म्हणून केलेल्या मोफत ऑनलाइन सोयी आहेत. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तोच फोटो ओळखून अडवतात. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

दुकानाच्या पानावर तुमचा स्वतःचा चेहरा ठेवायचा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. आमच्या मते ठेवा. भाकरी थापणारी बाई दिसली की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, आणि तो चेहरा दाखवायचं तुम्ही स्वतः ठरवलेलं असेल. फक्त तो फोटो चादरीपुढं काढलेला, एकटीचा असू दे. घरच्या प्रोफाइलवर वेगळा फोटो ठेवा, म्हणजे पुन्हा कुणी नक्कल केलीच, तर त्यानं कुठला फोटो उचलला यावरून तो कुठल्या दारानं आला ते कळेल.